अध्यापक शिक्षणाचा अभ्यासक्रम निवडताना खर्च आणि मोल कसे ताडून पाहावे

शिक्षक होण्याचे ठरवलेला विद्यार्थी दोन-तीन अध्यापक महाविद्यालयांची माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवतो, तेव्हा त्याची नजर सर्वांत आधी वार्षिक शुल्काच्या आकड्यावर जाते आणि घरची माणसेही तोच आकडा विचारतात. मात्र निर्णय या एका आकड्यावर सोडला, तर दोन गोष्टी नजरेआड राहतात: शिक्षक म्हणून पहिला पगार हाती पडेपर्यंत खरोखर किती पैसे आणि किती महिने जाणार, आणि त्या बदल्यात वर्गात उभे राहण्याची किती तयारी पदरात पडणार. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी मोजता येतात. त्या कशा मोजाव्यात, कोणाला काय विचारावे आणि मिळालेल्या उत्तराला किती वजन द्यावे, हे पुढे मांडले आहे. माझे मत आधीच सांगून ठेवते. खर्चाचा हिशेब चोख करावा. पण दोन अभ्यासक्रमांत थोडाच फरक उरत असेल, तर जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शिकवण्याची संधी जिथे अधिक, तिथे पैसे घालावेत. पुस्तकी भाग नंतर स्वतःच्या बळावर भरून काढता येतो, देखरेखीखालचा सराव नोकरी लागल्यावर क्वचितच मिळतो.

पदवीने कोणते दार उघडते

सुरुवात हिशेबापासून करू नये. आधी एका कागदावर नेमके लिहावे की कोणत्या वयाच्या मुलांना, कोणता विषय, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या प्रकारच्या शाळेत शिकवायचे आहे. त्यानंतर त्या पदासाठी कायद्याने कोणती अर्हता लागते, हे शिक्षक नेमणाऱ्या किंवा परवाना देणाऱ्या यंत्रणेच्या स्वतःच्या नियमांत वाचावे. महाविद्यालयाच्या कार्यालयात मिळालेले तोंडी आश्वासन येथे पुरेसे नाही, कारण अभ्यासक्रम चालवणारी संस्था वेगळी असते आणि पात्रता ठरवणारी यंत्रणा वेगळी असते.

या फरकाची किंमत किती मोठी असू शकते, हे भारतातील एका प्रकरणातून दिसते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये बी.एड. झालेल्या उमेदवारांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठीही पात्र ठरवले होते; नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशी अट त्यात होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पात्रता ग्राह्य धरता येणार नाही असा निर्णय दिला. प्राथमिक वर्गांना शिकवण्याच्या आशेने बी.एड. करणाऱ्यांच्या दृष्टीने त्या पदवीचे मोल एका दिवसात बदलले, मग तिचे शुल्क कमी असो की जास्त. इंग्लंडमध्ये प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेथे काही मार्गांनी केवळ ‘पात्र शिक्षक’ हा दर्जा मिळतो, तर काही मार्गांनी त्याच्या जोडीला पीजीसीई ही शैक्षणिक अर्हता मिळते आणि तिचे श्रेयांक पुढे पदव्युत्तर पदवीसाठी धरले जाऊ शकतात. ज्याला आयुष्यभर त्याच देशातील शाळेत शिकवायचे आहे, त्याला पहिला मार्ग पुरेल. ज्याला पुढे दुसऱ्या देशात जायचे आहे किंवा उच्च शिक्षण घ्यायचे आहे, त्याने दुसऱ्या मार्गासाठी थोडे अधिक पैसे मोजणे शहाणपणाचे ठरू शकते.

अनेक देशांत पदवीनंतर स्वतंत्र पात्रता परीक्षाही असते. भारतात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षेची अट २०१० मध्ये आली. त्यामुळे ‘पदवी म्हणजे पात्रता’ असे गृहीत न धरता, पदवी, परीक्षा आणि नोंदणी या तिन्ही पायऱ्या ओलांडायला लागणारा वेळ आणि पैसा एकाच हिशेबात धरावा. संस्थेची मान्यता तपासताना संस्थेला मान्यता आहे एवढ्यावर थांबू नये. तुम्ही घेणार आहात त्याच अभ्यासक्रमाला, त्याच जागी आणि त्याच शैक्षणिक वर्षासाठी ती लागू आहे का, हे नियामक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या यादीत पाहावे. या चाचणीत न बसणारा अभ्यासक्रम कितीही स्वस्त असला तरी यादीतून काढून टाकावा आणि उरलेल्यांचाच हिशेब करावा.

एकूण खर्च एका मापात

खर्च मोजताना रकमेऐवजी एक वेगळे एकक धरणे मला सोयीचे वाटते. तुम्ही जिथे नोकरी करणार, तिथे नवख्या शिक्षकाच्या हाती दरमहा जो पगार पडतो, त्याला ‘एक पगार’ म्हणावे आणि प्रत्येक खर्च किती पगारांचा आहे, हे लिहावे. यामुळे ओझ्याचा खरा अंदाज येतो. मोठी रक्कम ऐकून मन गोंधळते. ‘नऊ महिन्यांचा पूर्ण पगार’ हे शब्द मात्र लगेच उमगतात. नवख्या शिक्षकाचा पगार किती, हेही जाहिरातीतून न घेता अलीकडेच रुजू झालेल्या दोघा-तिघांना विचारून घ्यावे, कारण वेतनश्रेणीतला आकडा आणि सुरुवातीच्या तात्पुरत्या नेमणुकीत हाती पडणारा आकडा यांत पुष्कळ अंतर असू शकते.

शुल्काच्या खालच्या ओळी बहुतेकांच्या हिशेबातून सुटतात. प्रवेश आणि नोंदणी, परीक्षा शुल्क, पाठ टाचणाच्या वह्या, तक्ते आणि इतर शैक्षणिक साहित्य, शिबिरे, गणवेश, पार्श्वभूमी पडताळणी, पात्रता परीक्षा आणि ती पुन्हा द्यावी लागली तर तिचे दुसऱ्यांदा भरायचे शुल्क, शिक्षक म्हणून नोंदणी, आणि सरावाच्या शाळेपर्यंतचा रोजचा प्रवास. हा शेवटचा खर्च विशेष फसवा असतो. सरावाची शाळा प्रवेशानंतर बऱ्याच काळाने ठरते आणि ती महाविद्यालयाच्या जवळच असेल, याची खात्री नसते. या सगळ्याचा अंदाज बांधण्याचा एकच भरवशाचा मार्ग मला ठाऊक आहे: मागच्या तुकडीतून बाहेर पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठावे आणि त्याने पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत भरलेल्या पावत्यांची बेरीज विचारावी. दुसऱ्या वर्षी शुल्क वाढले का, हेही त्याच भेटीत कळते.

सर्वांत मोठा खर्च मात्र कोणत्याच पावतीवर नसतो. तो म्हणजे शिकत असताना बुडणारी कमाई. आज तुम्ही काही मिळवत असाल आणि अभ्यासक्रमासाठी ते सोडावे लागणार असेल, तर तितक्या महिन्यांची ती रक्कम खर्चाच्या बाजूला लिहावी. येथे एक चूक टाळायची आहे. बुडालेली कमाई धरली, तर रोजचे जेवण आणि कपडे यांचा खर्च पुन्हा धरायचा नाही, कारण तो कमाई चालू असतानाही झालाच असता. अभ्यासक्रमामुळे जो वाढीव खर्च होतो, जसे की दुसऱ्या गावी राहण्याचे भाडे, तेवढाच धरावा.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. एक उमेदवार आज दरमहा ०.६ पगार मिळवतो. पहिला अभ्यासक्रम १० महिन्यांचा आहे. शुल्क ९ पगार, बाहेरगावी राहण्याचा वाढीव खर्च ३, परीक्षा आणि साहित्य १, म्हणजे खिशातून जाणारे १३ पगार. दुसरा २४ महिन्यांचा. शुल्क ५, प्रवास २, परीक्षा आणि साहित्य १, म्हणजे ८ पगार. माहितीपत्रक वाचून कोणीही दुसराच निवडेल. आता बुडालेली कमाई मिळवावी. पहिल्यात ती ६ पगार होते आणि एकूण खर्च १९ वर जातो. दुसऱ्यात ती १४.४ होते आणि एकूण २२.४ भरते. शिवाय पहिल्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी लगेच नोकरीला लागला, तर दुसरा अजून शिकत असताना तो १४ महिने पूर्ण पगार घेतो. चोविसाव्या महिन्याच्या शेवटी पहिल्याकडे खिशातून गेलेला खर्च वजा जाता एक पगार शिल्लक असतो आणि दुसरा आठ पगारांनी मागे असतो. दोघांमध्ये नऊ पगारांचे अंतर पडते, आणि तेही ज्याचे शुल्क जास्त होते त्याच्या बाजूने.

पण हेच उदाहरण उलटवायला फार काही लागत नाही. पहिल्या विद्यार्थ्याला नोकरीसाठी कमाईशिवाय नऊ महिने थांबावे लागले, तर हे सगळे अंतर भरून निघते. दुसरा अभ्यासक्रम सायंकाळचा असेल आणि शाळेतील सरावाचे केवळ चार महिने काम सोडावे लागत असेल, तर उरलेल्या वीस महिन्यांत तो विद्यार्थी १२ पगार मिळवतो आणि चोविसाव्या महिन्याला चार पगार शिल्लक ठेवून पहिल्याच्या पुढे असतो. म्हणून कोणाचा तरी तयार निष्कर्ष उचलू नये. आपली कमाई, आपले राहण्याचे ठिकाण आणि आपल्या विषयाच्या शिक्षकांना असलेली मागणी हे तीन आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः मांडावा. कागद, पेन्सिल आणि एक तास यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

कर्ज काढणार असाल, तर मुद्दलाऐवजी हप्त्याकडे पाहावे. दहा पगारांचे कर्ज द.सा.द.शे. १० दराने काढले आणि शिक्षणाच्या दोन वर्षांत काहीच फेडले नाही, तर व्याज मुद्दलात मिळून परतफेड सुरू होते त्या दिवशी ते १२.१ पगार झालेले असते. सात वर्षांत फेडायचे ठरवल्यास दरमहा सुमारे ०.२ पगार, म्हणजे सुरुवातीच्या पगाराचा पाचवा हिस्सा, सात वर्षे जातो आणि एकूण परतफेड जवळपास १७ पगारांची होते. शिक्षकाचा पगार बहुधा हळूहळू वाढतो, उड्या मारत वाढत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या पगाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा मोठा हप्ता पडत असेल, तर मी त्या अभ्यासक्रमाबद्दल पुन्हा विचार करण्याचा आग्रह धरीन. शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच निदान व्याज भरत राहावे. त्या लहान रकमा पुढचे ओझे पुष्कळ कमी करतात.

मदतीच्या पैशाला जोडलेल्या अटी

शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि शुल्कमाफी यांमुळे हिशेब पार पालटू शकतो, आणि शिक्षकांची टंचाई असलेल्या विषयांसाठी अशी मदत अनेक ठिकाणी उदार असते. इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्र आणि गणित यांसारख्या विषयांच्या प्रशिक्षणार्थींना सरकारी निधीतून मोठी मदत मिळत आली आहे, तर काही विषयांना काहीच मिळत नाही, आणि हे आकडे दरवर्षी नव्याने ठरतात; मागच्या वर्षीची रक्कम धरून बेत आखणे तेथे धोक्याचे आहे. सिंगापूरमध्ये शिक्षण मंत्रालय निवडलेल्या उमेदवारांना राष्ट्रीय शिक्षण संस्थेत शिकत असतानाच पगार देते आणि बदल्यात ठराविक वर्षे सेवेचे बंधपत्र घेते. अशा व्यवस्थेत बुडालेल्या कमाईची ओळ जवळजवळ पुसली जाते, पण पुढच्या काही वर्षांचे स्वातंत्र्य आधीच देऊन टाकलेले असते.

बंधपत्राची अट पूर्ण झाली नाही तर काय होते, ते सही करण्यापूर्वी शब्दशः वाचावे. अमेरिकेतील ‘टीच ग्रँट’ या केंद्रीय अनुदानाची अट अशी आहे की पदवीनंतरच्या आठ वर्षांत किमान चार वर्षे टंचाई असलेल्या विषयात आणि अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळेत शिकवावे. अट मोडली तर अनुदानाचे कर्ज होते आणि व्याज अनुदान मिळाल्या दिवसापासून लागते. प्रत्यक्षात काही शिक्षक नेमून दिलेले कामच करत होते, तरी वार्षिक प्रमाणपत्र वेळेत न पोहोचल्यामुळे त्यांच्या नावावर कर्ज चढले, आणि ते दुरुस्त करण्यासाठी शासनाला नंतर फेरविचाराची सोय करावी लागली. यातून घ्यायचे ते इतकेच की सशर्त मदत खर्चातून वजा करण्यापूर्वी, आपण ती अट पाळू शकू का आणि तिची कागदपत्रे दरवर्षी कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, हे निश्चित करावे.

मोल कशात आहे

येथे मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण निवड करणारे बहुतेक जण या भागावरून घाईने पुढे जातात. इमारत, संगणक कक्ष, नावाजलेल्या विद्यापीठाची संलग्नता या गोष्टी दिसायला चांगल्या असतात. पण छात्राध्यापकाचा शिक्षक होतो तो मुलांसमोर, आणि त्याच्या पाठी बसून कोणीतरी जाणत्याने ते पाहिले तर.

माझ्या प्रशिक्षणाच्या काळात मला दोन प्रकारचे निरीक्षक भेटले. एक जण तासाच्या शेवटी वर्गाच्या दाराशी येत, निरीक्षण वहीत ‘चांगला प्रयत्न, फलकलेखन सुधारावे’ एवढे लिहून सही करत आणि पुढच्या वर्गाकडे जात. दुसऱ्या बाई पूर्ण तास शेवटच्या बाकावर बसत. एकदा पाठ संपल्यावर त्यांनी मला विचारले, “खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीने तासभर पेन हातात घेतले नाही, हे तुमच्या लक्षात आले का?” मला ते दिसलेच नव्हते. त्या दिवसापासून शिकवताना डोळे कुठे ठेवायचे, हे मी शिकू लागले. माझ्या वहीत दोन्ही प्रकारच्या पाठांची नोंद सारखीच होती, ‘निरीक्षित पाठ’ अशी. माहितीपत्रकातही ती तशीच छापली जाते, म्हणून संख्येच्या मागे जाऊन विचारावे लागते.

पहिले विचारावे ते शाळेतील आठवड्यांबद्दल. भारतात २०१४ च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतील अनुभवासाठी २० आठवडे ठरवले गेले. जिथे असा किमान आकडा नियमानेच ठरलेला असतो, तिथे सर्व महाविद्यालये तोच सांगतात आणि त्यावरून तुलना होत नाही. मग पुढचे प्रश्न येतात: आठवड्यात प्रत्यक्ष किती तासिका शिकवायला मिळतात, त्यांपैकी किती पूर्ण वेळ पाहिल्या जातात, पाहणारा तुमच्या विषयाचा असतो का, लेखी अभिप्राय किती दिवसांत मिळतो, आणि त्या अभिप्रायानंतर तोच घटक दुसऱ्या वर्गाला पुन्हा शिकवण्याची संधी असते का. माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. चूक कळणे आणि ती लगेच सुधारून पाहता येणे यांत फार मोठे अंतर आहे.

महाविद्यालयाचा दावा खरा आहे की नाही, हे साध्या गणितानेही ताडता येते. समजा, शंभर छात्राध्यापक आहेत, आठ प्राध्यापक आहेत आणि प्रत्येकाचे वीस पाठ पूर्ण वेळ पाहिले जातात असे सांगितले जाते. एकूण दोन हजार पाठ झाले, म्हणजे प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला अडीचशे. शाळेतील सराव १६ आठवड्यांचा आणि आठवडा पाच दिवसांचा धरला, तर ८० दिवसांत रोज तीनपेक्षा अधिक पाठ, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा वेळ वेगळा, आणि महाविद्यालयातील स्वतःचे वर्ग असतील तर तेही वेगळे. हे अशक्य नाही; पण मग निरीक्षणाच्या कामात शाळेतील शिक्षकांचा वाटा किती, त्यांना निवडताना काय पाहिले जाते, आणि त्या कामासाठी त्यांना वेळ किंवा मानधन मिळते का, हे विचारायलाच हवे. मार्गदर्शक शिक्षकाला हे काम वरून लादलेले वाटत असेल, तर छात्राध्यापक त्याच्यासाठी केवळ रिकाम्या तासिकेची सोय ठरतो.

सूक्ष्म अध्यापनाची मोजणी वेगळी ठेवावी. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढे आलेली ही पद्धत, पाच-दहा मिनिटांच्या पाठात एकच कौशल्य घोटून घेण्यासाठी, चांगली आहे. परंतु जिथे सहाध्यायीच विद्यार्थ्यांच्या जागी बसतात, तिथे खऱ्या वर्गातील गोंगाट, कंटाळा आणि अनपेक्षित प्रश्न येत नाहीत. असे पाठ ‘सराव पाठां’च्या संख्येत मिळवले असतील, तर ते वजा करून उरलेली संख्या धरावी.

विषय शिकवण्याची खास जाण हा मोलाचा दुसरा मोठा भाग आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाची सामान्य तंत्रे यांच्या जोडीला, तो विषय मुलांना कसा उमगतो आणि कुठे अडतो याचे एक वेगळेच ज्ञान शिक्षकाला लागते. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ या नावाने जे शिकवले जाते, त्याचा गाभा हाच आहे. हे किती गंभीरपणे घेतले जाते, याची परीक्षा करायला एक उदाहरण पुरते. एक मूल १/३ आणि १/४ यांची बेरीज २/७ लिहिते. त्या महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे की अशा उत्तरावर तुमच्या तासाला कधी चर्चा झाली का. ‘छेद समान करायला सांगायचे’ एवढेच उत्तर आले, तर रीत शिकवली गेली आहे. मूल वरचे आकडे वेगळे आणि खालचे आकडे वेगळे का मिळवते आणि त्या क्षणी त्याच्यापुढे कोणते चित्र किंवा वस्तू ठेवावी, यावर तो विद्यार्थी बोलू लागला, तर तेथे शिक्षक घडवले जात आहेत. भाषा किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांनी आपापल्या विषयातले असे एखादे उदाहरण आधी योजून जावे.

सरावाच्या शाळा कोणत्या आणि किती प्रकारच्या आहेत, हेही पाहावे. फिनलंडमध्ये, जिथे वर्गशिक्षकांचे शिक्षण १९७९ पासून पदव्युत्तर पातळीवर नेले गेले, विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत आणि तेथील शिक्षकांवर भावी शिक्षकांना घडवण्याचीही जबाबदारी असते. अमेरिकेत ‘रेसिडेन्सी’ प्रकारच्या अभ्यासक्रमांत उमेदवार एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात जवळपास पूर्ण वर्ष काढतो आणि बहुधा त्याला विद्यावेतनही मिळते. अशी व्यवस्था सगळीकडे मिळणार नाही, परंतु तिच्याकडे पाहून आपल्या समोरचे पर्याय जोखता येतात: शाळा आणि महाविद्यालय यांचे नाते वर्षानुवर्षांचे आहे, की दरवर्षी नवी शाळा शोधली जाते? सर्व सराव एकाच सुस्थित शाळेत होतो, की वेगवेगळ्या परिस्थितीतील मुलांसमोर उभे राहायला मिळते? दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमांबाबत तर हाच प्रश्न निर्णायक आहे. सिद्धान्ताचा भाग घरबसल्या शिकता येतो, पण सरावाची शाळा स्वतः शोधा असे सांगणाऱ्या अभ्यासक्रमाने आपल्या कामाचा सर्वांत मौल्यवान भाग तुमच्यावर ढकललेला असतो, आणि शुल्क त्या प्रमाणात कमी नसेल तर ते महागच म्हणावे.

निकालाचे आकडे वाचताना

‘७५ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी’ असे वाक्य दिसले की लगेच विचारावे, कोणाच्या ७५ टक्के? समजा, १०० जणांनी प्रवेश घेतला, ८० जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, ६० जण पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले आणि ४५ जण शिक्षक म्हणून लागले. ६० मध्ये ४५ म्हणजे ७५ टक्के, हे खरे आहे. पण प्रवेशाच्या दारात उभ्या असलेल्या तुमच्यासाठी संबंधित आकडा ४५ टक्के आहे. म्हणून चारही संख्या मागाव्यात, आणि शक्य झाल्यास पाचवीही: तीन वर्षांनंतर किती जण अजून शिकवत आहेत. नोकरी म्हणजे कायम नेमणूक, तासिका तत्त्वावरचे काम की खासगी शिकवणी, हेही स्पष्ट करून घ्यावे.

या आकड्यांचा उलट बाजूनेही गैरअर्थ होऊ नये. ज्या महाविद्यालयात प्रवेशालाच गुणवान विद्यार्थी येतात, त्याचा निकाल चांगला लागतो यात महाविद्यालयाचे श्रेय किती, हे सांगणे कठीण असते. याउलट नोकरी करून शिकणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या, वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना घेणाऱ्या संस्थेत मध्येच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण अधिक असणे स्वाभाविक आहे. तुमची परिस्थिती ज्यांच्याशी जुळते, अशांचे काय झाले, हे पाहणे सर्वांत उपयोगी. कार्यालयाने आकडे देण्यास टाळाटाळ केली, तर मी ती टाळाटाळ हेच उत्तर मानेन.

वरची पदवी आत्ताच घ्यावी का

पदवीसोबत पदव्युत्तर अर्हता देणारा लांबचा अभ्यासक्रम घ्यावा का, याचे उत्तर एका भागाकारात मिळते. वाढीव वर्षाचा सर्व खर्च, बुडालेली कमाई धरून, १४ पगार असेल आणि त्या अर्हतेमुळे पगारात ५ टक्के फरक पडत असेल, तर वर्षाला ०.६ पगार जादा मिळतो आणि खर्च भरून यायला तेवीस वर्षांहून अधिक काळ लागतो. फरक १५ टक्के असेल, तर सुमारे आठ वर्षे. त्यातही नियम बदलू शकतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याने पदव्युत्तर पदवीसाठी शिक्षकांना मिळणारा वाढीव पगार २०१३ च्या कायद्याने पुढील शिक्षकांसाठी बंद केला. ज्या देशांत ही अर्हता नेमणुकीसाठीच लागते, तेथे प्रश्न उद्भवत नाही. इतरत्र, आधी काही वर्षे शिकवून, आपल्याला कशात खोल जायचे आहे ते कळल्यावर, जमल्यास शाळेच्या मदतीने ती घेणे मला अधिक योग्य वाटते.

प्रवेश घेण्यापूर्वीचे आठ दिवस

यादीत दोन किंवा तीन नावे उरली की प्रत्यक्ष जावे, आणि तेही प्रवेशाच्या कार्यक्रमाच्या दिवशी न जाता साध्या कामाच्या दिवशी जावे. गेल्या सत्राचे खरे वेळापत्रक पाहायला मागावे. निरीक्षण वहीचा कोरा नमुना मागावा. त्यात केवळ गुणांचे रकाने आहेत की मुलांच्या प्रतिसादाची नोंद करायलाही जागा आहे, हे पाहिले की त्या संस्थेचे शिकवण्याकडे लक्ष किती, याचा अंदाज येतो. दोन-तीन विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या अनुपस्थितीत बोलावे, आणि शक्य असेल तर एखाद्या सराव शाळेतील मुख्याध्यापकांना विचारावे की येथून आलेल्या छात्राध्यापकाच्या हाती ते एक वर्ग निर्धास्तपणे सोपवतील का.

मग प्रत्येक पर्यायासाठी एकाच कागदावर तीन आकडे लिहावेत: एकूण खर्च किती पगारांचा, नोकरी लागेपर्यंत किती महिने, आणि पूर्ण वेळ पाहिले गेलेले, अभिप्राय मिळालेले सराव पाठ किती. खर्चात दोन-तीन पगारांचेच अंतर असेल आणि पाठांत दुपटीचे, तर महाग पर्याय घ्यायला मी सांगेन. अंतर दहा पगारांचे असेल, कर्जाशिवाय ते पेलत नसेल आणि पाठांत फरक थोडा असेल, तर स्वस्त पर्याय घ्यावा आणि वाचलेल्या वेळात जवळच्या शाळेतील एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गात, त्याच्या आणि शाळेच्या परवानगीने, मागे बसून शिकावे.

अनामत भरण्याची मुदत जवळ आली की अनेकांचा विचार तेथेच थांबतो. पैसे भरण्याआधी शुल्क परताव्याचा नियम लेखी घ्यावा: कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, मूळ प्रमाणपत्रे संस्था स्वतःकडे ठेवते का, आणि दुसऱ्या वर्षाचे शुल्क आजच्याच दराने राहील का. मूळ प्रमाणपत्रे देण्याची अट असेल, तर ती पाहण्यापुरती दाखवून साक्षांकित प्रती द्याव्यात, आणि त्याला नकार मिळाला तर ती कशासाठी हवीत याचे कारण लेखी मागावे.